एकच कॉर्सेट तिघींना तीन तऱ्हांनी का बसतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना याची खात्री होईल. तुमच्या हौशी नाट्यसंस्थेचं नाटक १८८०च्या दशकातल्या लंडनमध्ये घडतं. तिघी अभिनेत्रींसाठी तुम्ही एकाच पॅटर्नवरून तीन कॉर्सेट, म्हणजे आत कडक पट्ट्या आणि मागे नाडी असलेली, कंबर आवळून धडाला आकार देणारी वस्त्रं शिवली, मापं तेवढी लहानमोठी केली. उंच, सडपातळ मुलीला तो सगळ्यांत शोभेल असं वाटलं होतं, पण तिच्या अंगावर तो नळकांड्यासारखा सरळ दिसतो आणि छातीपाशी पोकळ राहतो. अंगानं भरलेल्या बाईंची कंबर सुरेख आत गेली, पण पाठीवर आणि बगलेखाली मांस वर आलं, शिवाय चालताना कॉर्सेट वर सरकतो. तिसरी ठेंगणी, छातीनं जड. ती खुर्चीत बसली की पुढची पट्टी मांडीत रुतते. आणि तुम्ही विचारलंय, "कॉर्सेट नक्की कुठल्या बांध्यासाठी असतो? बारीक बायकांसाठीच असतो ना?"

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं नाटकांच्या पोशाखखात्यात कटिंगचं काम करते. जुन्या काळातली नाटकं इथे सतत होतात, त्यामुळे सगळ्या वयांच्या आणि सगळ्या बांध्यांच्या नट्यांना कॉर्सेट घालणं हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगते, बारीक बाईला कॉर्सेटनं आकार देणं हे या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम आहे. तुमच्या तिघींच्या बाबतीत जे झालं ते अगदी अपेक्षित होतं.

जाडबारीक हा हिशेब आधी बाजूला ठेवा. कॉर्सेट कसा बसेल हे पाहताना मी तीन गोष्टी बघते: धडात हाड कुठे आहे, मऊ भाग कुठे आणि किती आहे, आणि कमरेतून दाबलेल्या मऊ भागाला वर किंवा खाली जायला कापडात जागा ठेवली आहे का. वजनकाट्यावर सारख्या भरणाऱ्या दोन बायकांची या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पार वेगळी असू शकतात. म्हणून मापं सरसकट वाढवून किंवा घटवून केलेला पॅटर्न क्वचितच बसतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगते. नटीला गायचं किंवा नाचायचं आहे का, प्रयोग किती तासांचा, एवढ्यात बाळंतपण किंवा पोटाचं ऑपरेशन झालं आहे का, दमा किंवा पित्ताचा त्रास आहे का, यावर कंबर किती आवळायची ते ठरतं. आणि नाटक १८८०च्या दशकात नेमक्या कुठल्या वर्षी घडतं, यानंही बराच फरक पडतो. त्याकडे पुढे येतेच.

आता कॉर्सेट कमरेचं नेमकं करतो काय? लोकांना वाटतं, घेर कमी करतो. करतोच, पण डोळ्यांना दिसणारा निम्मा परिणाम घेरातून येत नाही, आकार बदलल्यानं येतो. आपली कंबर आडवी कापून पाहिली तर ती गोल नसते, लंबगोल असते. समजा एखादीची कंबर समोरून १२ इंच रुंद आणि बाजूनं ८ इंच जाड आहे. टेप लावला तर घेर ३२ इंचांच्या आसपास भरेल. आता घेर तेवढाच ठेवून ती पूर्ण गोल करता आली, तर तिची रुंदी होईल १० इंचांच्या थोडी वर. म्हणजे टेपवर एक इंचही कमी न होता समोरून कंबर दोन इंचांनी बारीक दिसली. प्रत्यक्षात ती पूर्ण गोल होत नाही, पण गोलाकडे सरकते. त्यात घेर दोन-तीन इंच कमी झाला की समोर बसलेल्या प्रेक्षकाला वाटतं कंबर निम्मी झाली. बाजूनं मात्र ती तेवढीच राहते, किंवा थोडी जाडच होते. त्यामुळे तुमच्या दिग्दर्शकांना एक निरोप द्या: जिची कंबर दाखवायची आहे तिला त्या क्षणी प्रेक्षकांसमोर सरळ उभी करा, एका बाजूला वळवून नको.

हे गोल होणं कशावर अवलंबून असतं? खालच्या बरगड्यांवर. अकराव्या आणि बाराव्या बरगड्या पुढे कशाला जोडलेल्या नसतात, त्या दाबानं आत आणि खाली जातात. लुदोविक ओ'फॉलोवेल या फ्रेंच डॉक्टरांनी १९०८ साली कॉर्सेट घातलेल्या बायकांची क्ष-किरण चित्रं प्रसिद्ध केली, त्यांत हे स्पष्ट दिसतं. या दोन्हींच्या वरच्या बरगड्या पुढे कूर्चेनं बांधलेल्या असतात, त्या थोड्याच हलतात. आणि कमरेखालचं खुब्याचं हाड तर हलतच नाही. म्हणजे दाबता येण्याजोगी पट्टी बरगड्यांचा खालचा काठ आणि खुब्याच्या हाडाचा वरचा काठ यांच्यामध्येच असते. कुणाची ती चार बोटांची असते, कुणाची दोनच. हे अंतर वजनावरून कळत नाही, उंचीवरूनही नेहमी कळत नाही. बोटांनी चाचपूनच बघावं लागतं, आणि फिटिंगला मी टेपच्या आधी तेच करते.

तुमच्या सडपातळ मुलीचं घ्या. तिच्या कमरेवर दाबायला मऊ भाग फारसा नाही. टेप लगेच बरगडी आणि स्नायूला भिडतो, आणि एक-दीड इंचापलीकडे कंबर जात नाही. कॉर्सेटच्या आकारासाठी छातीला आणि कमरेखाली भराव लागतो, तोही तिच्याकडे नाही. मग आकार यायचा कुठून? जुन्या काळातल्या शिवणकाम्यांना हे नीट माहीत होतं. त्या काळच्या दुकानांत छातीचे आणि कमरेखालचे भराव सर्रास विकले जात, आणि ते लावण्यात कुणाला गैर वाटत नसे. तुम्हीही तेच करा.

तिचं माप घेताना कमरेवर वेळ घालवू नका, कंबर आणि नितंब यांच्यातल्या फरकाकडे बघा. समजा कंबर २५ आणि नितंब ३४. कंबर आवळून साडेतेवीस केली तर फरक झाला साडेदहा इंच. आता पेटिकोटच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी आणि मागे भराव लावून नितंब ३७ केला तर तोच फरक साडेतेरा होतो, आणि मुलीला तसूभरही जास्त आवळावं लागत नाही. भराव मांजरपाटात कापूस भरून करा. मध्ये जाड, कडेला कागदासारखा पातळ, आणि वरून धावदोऱ्यानं जागच्या जागी बसवलेला. कडा जाड राहिली तर वरच्या ड्रेसवर तिची रेघ उमटते आणि सगळं सोंग उघडं पडतं. छातीसाठी कॉर्सेटच्या वरच्या काठात आतून छोटी अर्धचंद्राकार गादी टाका, म्हणजे पोकळी भरेल. आणि हो, भराव आधी बांधा, मगच कॉर्सेटचं माप घ्या. बहुतेक जण आधी कॉर्सेट शिवतात आणि मग भराव कोंबतात. तसं केलं की खालची कड वर उचलली जाते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तुमच्या प्रश्नामागे तोच असावा. संग्रहालयांत दिसणारे कॉर्सेट इतके लहान असतात की त्या काळातल्या सगळ्या बायका काडीसारख्या होत्या असं वाटतं. एकतर कॉर्सेटचं माप म्हणजे मागची नाडी पूर्ण बंद केल्यावर येणारं माप. घालताना मागे दोन-तीन इंचांची फट ठेवायची रीत होती. म्हणजे २२चा कॉर्सेट घालणारीची आवळलेली कंबर २४-२५ असायची. दुसरं, तरुणपणी घातलेले आणि पुढे अंगाला न येणारे कपडे पेटीत जपून राहतात. रोज वापरलेले फाटून जातात, किंवा त्यांचं कापड दुसरीकडे वापरलं जातं. जाहिरातींत १८ ते ३० इंचांपर्यंतची मापं नेहमीची म्हणून दिलेली असत, आणि त्याहून मोठी थोडे जास्त पैसे घेऊन मिळत. अर्थात भरलेल्या बांध्याच्या बायका होत्या, आणि त्याही कॉर्सेट घालत. स्टुडिओत काढलेल्या फोटोंवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. काचेच्या निगेटिव्हवर कमरेच्या कडा खरवडून किंवा रंगवून बारीक करण्याची पद्धत तेव्हा चांगलीच रुळली होती. तशी आकृती जिवंत माणसावर उभी करायला गेलात तर नटी बेशुद्ध पडेल.

आता पॅटर्नकडे येते, कारण मुख्य घोळ तिथे झालाय. अठराव्या शतकात कॉर्सेटचा पूर्वज असलेलं स्टेझ नावाचं वस्त्र प्रत्येक गिऱ्हाइकाच्या अंगावर मापून कापलं जाई. ते बहुधा पुरुष कारागीर शिवत. कापडाचे थर आणि त्यांच्यात व्हेलच्या तोंडातल्या पट्ट्या, हे सगळं हातानं शिवायला ताकद लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटलं. कॉर्सेट कारखान्यात शिवले जाऊ लागले. इंग्लंडमधल्या मार्केट हार्बरो या गावातल्या सिमिंग्टन कारखान्याचे कॉर्सेट आजही लेस्टरशायरच्या संग्रहालयात आहेत. त्यात घरकाम करणाऱ्या मुलींसाठी काढलेला 'प्रिटी हाउसमेड' नावाचा स्वस्त कॉर्सेटही आहे. १८६८मध्ये एडविन इझॉड या इंग्रज कॉर्सेटवाल्यानं वाफेची युक्ती काढली. खळ लावलेला कॉर्सेट धडाच्या आकाराच्या धातूच्या साच्यावर चढवायचा आणि वाफेनं तापवून तसाच कडक वाळवायचा. याचा अर्थ असा, की १८८०च्या दशकातल्या अशा कारखानी कॉर्सेटला साच्यातल्या एका आदर्श धडाचा आकार असे, आणि बाजारात जाणाऱ्या प्रत्येक बाईला त्यातल्या त्यात जवळचा निवडावा लागे. कारखानदारांनाही अडचण कळत होती, म्हणून ते आखूड कमरेचे, मध्यम आणि लांब कमरेचे असे वेगवेगळे नमुने काढत. तुम्ही घेतलेला पॅटर्न बहुधा अशाच कुठल्यातरी जुन्या कॉर्सेटवरून उतरवलेला असणार, म्हणजे तो मुळात एकाच धडाचा. तो २४वरून ३४वर नेताना प्रत्येक कळीत, म्हणजे कॉर्सेटच्या प्रत्येक उभ्या तुकड्यात, सारखी वाढ दिली, तर समोरची कळीही रुंद होते आणि पाठीचीही. भरलेल्या बाईंचा भरणा कदाचित कुशीत आणि पोटावर असेल, पाठीवर अजिबात नसेल. कापड वाढलं, पण नको तिथे.

त्या बाईंकडे जरा सविस्तर बघू. मऊ अंग कमरेत सहज दबतं, त्यामुळे तीन-चार इंच जाणं अवघड नाही, आणि ज्याला लोक व्हिक्टोरियन आकृती म्हणतात ती त्यांच्याच अंगावर सगळ्यांत सुंदर उमटते. पण कणकेचा गोळा मुठीत दाबला की कणीक बोटांच्या फटीतून बाहेर येते, तसंच इथे होतं. दबलेलं मांस नाहीसं होत नाही. वर छातीकडे आणि पाठीकडे जातं, खाली पोटाकडे आणि कुशीकडे जातं. तुमच्या कॉर्सेटची पाठ खोल आणि काठ बगलेपाशी खाली आहे, म्हणून ते तिथून बाहेर आलं. मागचा काठ एक इंच वर न्या, बगलेखालचाही तेवढाच.

वर सरकण्याचं कारण खाली आहे. कॉर्सेटचा नितंबाचा घेर कमी पडतोय. घेर कमी पडला की कॉर्सेट स्वतःच अरुंद जागा शोधत वर चढतो, कॉर्सेटची कंबर बाईंच्या बरगड्यांवर जाते आणि मग दम लागतो. नाडी सैल सोडून हे सुटत नाही. कमरेपासून खाली कळ्या उघडायला हव्यात. त्यांचा नितंब ४४ असेल तर कॉर्सेटचा ४५-४६ ठेवा, कारण वरून दबलेला भागही तिथेच येणार आहे. एका बाजूला पाच कळ्यांऐवजी सहा किंवा सात करा. जितक्या शिवणी जास्त, तितकं कापड वळणाशी प्रामाणिक राहतं. पोट सुटलेलं असेल तर १८७३च्या सुमारास आलेला चमच्याच्या आकाराचा बस्क त्यांच्यासाठी उत्तम. बस्क म्हणजे पुढची पोलादी पट्टी. ही खाली रुंद आणि आत वळलेली असते, त्यामुळे पोट सपाट दाबण्याऐवजी ते खालून उचलून धरलं जातं. सरळ अरुंद बस्क अशा पोटावर मध्येच टोचतो आणि दोन्ही बाजूंनी पोट बाहेर येतं.

ठेंगण्या मुलीचा प्रश्न घेराचा मुळीच नाही, उभ्या मापांचा आहे. तुम्ही तिचे घेर घेतले असतील, पण छातीच्या खालच्या रेषेपासून कमरेपर्यंतचं अंतर घेतलं नसणार. पॅटर्नमध्ये ते साडेपाच इंच असेल आणि तिचं चारच असेल तर सगळंच बिघडतं. कॉर्सेटची कंबर तिच्या खुब्याच्या हाडावर बसते, आणि हाड दबत नाही. कमरेला बारीक दोरी बांधा, तिला कडक खुर्चीत ताठ बसवा, आणि दोरीपासून मांडीच्या घडीपर्यंत मोजा. बस्क त्या मापापेक्षा निदान अर्धा इंच आखूड हवा. आणि एक काळजी घ्या. कॉर्सेट नुसता खालून कापून आखूड करायचा नाही. कमरेच्या वर जेवढी लांबी जास्त आहे ती वरच्या भागात घडी घालून काढा, खालची खालच्या भागात. नाहीतर कंबर जिथे चुकली तिथेच राहते.

तिच्या जड छातीसाठी एक चांगली बातमी आहे. कॉर्सेट छातीचं वजन खांद्यावर टाकत नाही. वजन खालून पेललं जातं आणि पट्ट्यांवाटे कमरेवर, खुब्यावर उतरतं. त्यासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या कळीच्या शिवणीत छातीचं वळण नीट उतरायला हवं. आपल्याकडे प्रिन्सेस कट किंवा कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या कुठल्याही चांगल्या शिंपिणीला हे वळण हातातलं आहे. तुमच्या गटात अशी कुणी असेल तर हा भाग तिच्याकडे सोपवा. वरचा काठ छातीच्या सगळ्यांत पुढच्या रेषेच्या थोडाच वर ठेवा. फार वर नेला तर छाती गळ्याशी येते आणि संवाद म्हणताना श्वास अडतो.

इथवरचं थोडक्यात: सडपातळ मुलीला भराव आणि बेताचं आवळणं, भरलेल्या बाईंना वर-खाली जागा आणि जास्त कळ्या, ठेंगण्या मुलीला उभी मापं. तिघींसाठी तीन स्वतंत्र पॅटर्न. एकीचा मोठा करून दुसरीचा नको.

फिटिंगला काय बघायचं? मागची फट. ती सगळं सांगते. मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवा, त्यात निदान पुढे, कुशीत आणि मागे पट्ट्या तात्पुरत्या बसवा आणि नाडी ओढा. नुसतं कापड अंगावर चढवून काही कळत नाही, पट्ट्यांशिवाय ते गोळा होतं. मागे दोन इंचांची, वरपासून खालपर्यंत सारखी फट राहिली तर काम झालं. फट वर रुंद आणि खाली बंद असेल, तर छातीकडे किंवा बरगडीपाशी कापड कमी आहे आणि नितंबाला जास्त. उलटी असेल तर उलट. कमरेत बंद आणि वर-खाली फाकलेली असेल, तर वरचे आणि खालचे घेर कमी पडताहेत. तुमच्या भरलेल्या बाईंचा कॉर्सेट मागून असाच दिसत असणार. कमरेत फट मोठी आणि टोकांना बंद असेल, तर कमरेला दबता येतं त्यापेक्षा जास्त कापलंय, आणि टोकांना कापड सैल आहे. सडपातळ मुलीचा असाच दिसत असेल. फोटो टाकताना पाठीमागून टाका, समोरून फारसं कळत नाही. आणि दोन्ही बाजू सारख्या धरून चालू नका. एक खांदा खाली, एक खुबा वर, हे इतक्या जणींचं असतं की मी तो नियमच मानते. फरक अर्ध्या इंचाहून जास्त असेल तर डावी-उजवी बाजू वेगळी कापा, कमी असेल तर खाली गेलेल्या बाजूला पातळ भराव पुरतो.

नाटक नेमकं कुठल्या वर्षी घडतं हे विचारायचं कारण असं. दशकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ड्रेसची चोळी कमरेखाली नितंबापर्यंत चिकटून जात असे, मागचा फुगारा, म्हणजे ड्रेसला नितंबामागे फुगवणारा आधार, जवळजवळ गेलेला होता. त्या कपड्यात पोट, कुशी, सगळं दिसतं. कॉर्सेट लांब लागतो आणि ठेंगण्या मुलीला तो सोसत नाही. १८८३च्या सुमारास मागचा फुगारा परत आला आणि दशकाच्या मध्यावर तो अगदी टोकाला गेला. दिग्दर्शकांनी वर्ष तुमच्यावर सोपवलं असेल, तर मी १८८५-८६ निवडेन. फुगाऱ्यामुळे सडपातळ मुलीला मागे आयताच आकार मिळतो, भरलेल्या बाईंच्या खालच्या भागाकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि ठेंगणीचा कॉर्सेट आखूड ठेवता येतो. तिघींनाही न्याय मिळतो.

याच तिघी दुसऱ्या काळात नेल्या असत्या तर गणित पालटलं असतं. १७७०-८०चं स्टेझ धडाचा शंकू करतं. पुढून सपाट, छाती वर, पाठ ताठ. त्यात कंबर फारशी आवळावी लागत नाही, कारण कमरेखालचा सगळा डौल पेटिकोट आणि बाजूचे फुगारे सांभाळतात. तुमची सडपातळ मुलगी त्यात राणीसारखी दिसली असती. व्हेलच्या त्या पट्ट्या अंगाच्या उबेनं मऊ होऊन हळूहळू घालणारीच्या अंगाचा आकार घेत, म्हणून जुनं स्टेझ तिला नव्यापेक्षा सुखाचं वाटे. १८१०च्या आसपास कंबर छातीखाली गेली. तेव्हाचा कॉर्सेट छाती उचलून दोन्ही बाजूंना वेगळी धरण्यापुरताच, पट्ट्यांऐवजी दोऱ्या भरून केलेला. तो जड छातीच्या ठेंगण्या मुलीला उत्तम. आणि १९००नंतरचा सरळ पुढच्या पट्टीचा कॉर्सेट मात्र तिला कधीच देऊ नका. पॅरिसच्या इनेस गाश-सारोत यांना वैद्यकाचं शिक्षण होतं, आणि पोटावरचा दाब कमी व्हावा या चांगल्या हेतूनं त्यांनी सरळ पट्टीचा पुरस्कार केला होता. फॅशननं तो इतका ताणला की छाती पुढे आणि नितंब मागे जाऊन पाठीच्या खालच्या भागावर सगळा ताण येऊ लागला. आखूड धडाला तो विशेष जाचतो.

आता सामान. कॉर्सेटसाठीचं खास कापड आपल्याकडे शोधत बसू नका. घट्ट विणीचं सुती ड्रिल दुहेरी वापरा. ताणून बघा, तिरपं सोडून कुठेच ताणलं जाता कामा नये. आत कमरेवर न ताणणारी सुती पट्टी आडवी शिवा, खरा ताण तीच घेते. पोलादी पट्ट्या मिळाल्या तर ठीक, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातले जाड, रुंद केबल टाय घ्या, टोकं गोल कापून, विस्तवावर किंचित वितळवून गुळगुळीत करा. शिंप्यांकडे मिळणारी पातळ प्लास्टिकची जाळीदार पट्टी नको, ती एका प्रयोगात कमरेशी मोडते. भरलेल्या बाईंसाठी मागच्या काजांच्या दोन्ही बाजूंना मात्र पोलादच हवं. काजांना धातूचे रिंग बसवा, आणि कॉर्सेटखाली नेहमी सुती सैल झंपर घाला. घाम तो पितो आणि कातडी सोलत नाही.

बांधताना नाडी एका दमात ओढू नका. वरून कमरेपर्यंत, खालून कमरेपर्यंत थोडी थोडी ओढा, पंधरा मिनिटं नटीला हिंडू द्या, मग परत ओढा. अंग तेवढ्यात बसतं. तालमी सुरू झाल्यापासून तिघींना रोज तासभर तरी घालायला लावा, कारण श्वास पोटाऐवजी छातीतून घ्यायची सवय व्हायला वेळ लागतो, आणि वाक्यं कुठे तोडायची तेही त्यांना नव्यानं ठरवावं लागतं. मुंग्या आल्या, बरगडीत कळ आली किंवा चक्कर आली, तर नाडी सोडायची. तिथे आकाराचा विचार करायचा नाही.

तिघींची ही मापं मला लिहून कळवा: छातीखालचा घेर, कंबर मोकळी आणि टेप सोसवेल इतका आवळून, नितंब, छातीखालून कमरेपर्यंतचं अंतर, आणि बसल्यावर कमरेपासून मांडीपर्यंतचं. सोबत कच्च्या नमुन्याचा पाठीमागून घेतलेला फोटो टाका. मग प्रत्येकीच्या कुठल्या कळीत किती वाढवायचं आणि कुठून काढायचं ते नेमकं सांगते.